मेमो आलाय, खुलाशात काय लिहू?

प्रश्न: सर, मी एका तालुका कोर्टात वरिष्ठ लिपिक आहे. १९ वर्षं नोकरी झाली, सर्व्हिस बुकात आजवर एक वाईट शेरा नाही. मागच्या महिन्यात बोर्डावरची (त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीतली) एक फाईल पुकारा झाला तरी सापडेना, न्यायाधीश मॅडमनी डायसवरून सगळ्यांसमोर मला झापलं. फाईल रेकॉर्डच्या कनिष्ठ लिपिकानं रजिस्टरला सही न घेता भलत्याच टेबलावर ठेवून दिली होती. ऑफिसात आल्यावर माझा तोल गेला, हातातला गठ्ठा मी त्याच्या टेबलावर आपटला, तो खाली पडला, सुतळी सुटून कागद पसरले. तो वाट्टेल ते बोलला, बाईमाणूस आहे म्हणून ऐकून घेतोय, नाहीतर दाखवलं असतं वगैरे. मीपण बोलले (बापाच्या जागेवर आयता येऊन बसलास असं काहीतरी, तो अनुकंपावर लागलाय). बाहेर पक्षकार उभे होते, कुणीतरी मोबाईलवर शूट केलं. त्याच गडबडीत एक आजोबा नक्कल मागायला खिडकीवर आले, त्यांना मी जरा जोरात बोलले. त्यांनी दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली. आता आम्हा दोघांनाही मेमो (कारणे दाखवा नोटीस) आलाय, सात दिवसांत खुलासा मागितलाय. संघटनेतले म्हणतात सगळं नाकारा. आमचे हे म्हणतात माफी मागून मोकळी हो. आणि त्या मुलानं शिपायाकडून निरोप पाठवलाय, की दोघांनीही काहीच घडलं नाही असं लिहू. माझी नोकरी जाईल का? काय लिहू?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, वर फक्त त्याचा गोषवारा दिलाय. नोकरीचं आधी सांगतो कारण तुम्हाला झोप लागत नसणार. १९ वर्षांच्या स्वच्छ सेवेनंतरच्या अशा पहिल्या प्रसंगाला सहसा कोणी नोकरी घालवत नाही. पण काहीच होणार नाही असं खोटं आश्वासनही मी देणार नाही. काय होईल ते बरंचसं तुमच्या खुलाशावर आहे, आणि तो तुम्ही आत्ता ज्या मनःस्थितीत आहात त्यात लिहिला तर चुकणार, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

का ते सांगतो. तुमचं मूळ पत्र साडेचार पानांचं आहे. त्यात त्या मुलावर चार पानं आहेत, तो कसा उशिरा येतो, रजिस्टर कसं भरत नाही, आधी कोण काय बोललं. आणि आजोबांवर तीन ओळी. मेमोचा जो मजकूर तुम्ही उतरवून पाठवलाय त्यात मुद्दा क्रमांक एक आजोबांचा आहे, भांडण दुसऱ्या नंबरला. म्हणजे साहेबलोकांना काय जास्त लागलंय ते त्यांनी क्रमानंच सांगितलंय, आणि मला विचाराल तर तो क्रम बरोबर आहे.

आता जरा खिडकीच्या बाहेरून बघा. तुम्हीच लिहिलंय की आजोबा ४० किलोमीटरवरून एसटीनं आले होते, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात सातबारा, जुनी पावती, वकिलांची चिठ्ठी. त्यांचा दावा तुमच्याच कोर्टात फेटाळला गेलाय आणि अपिलासाठी सही-शिक्क्याची नक्कल पाहिजे. त्यांनी खिडकीतून हात घालून अर्ज पुढे केला, आत दोन माणसं एकमेकांवर ओरडतायत, कागद जमिनीवर पसरलेत, आणि तुम्ही वळून म्हणालात, "दिसत नाही का इथं काय चाललंय, उद्या या, कोर्ट काय पळून जातंय का." तुम्ही याला जरा जोरात बोलणं म्हणता. आजोबांनी तक्रारीत लिहिलंय, "बाईंनी माझा कागद हातात पण घेतला नाही." बघा, आवाजाचा उल्लेखच नाही त्यात, त्यांना कागद न घेतल्याचं लागलंय.

आणि हे नुसतं मनाला लागण्यापुरतं नाही, इतकी वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं म्हणून लिहितो. तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर (दाव्याच्या निकालावर) जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वगळतात, पण तो वगळायचा कधीपासून, तर नकलेचा अर्ज दिल्यापासून. अर्जच घेतला नाही तर तो दिवस आजोबांच्या खात्यातून गेला. तुम्ही "उद्या या" म्हणालात तेव्हा त्यांच्या ३० मधला एक दिवस तुम्ही खर्च केलात, तोही त्या मुलावरच्या रागापायी. खिडकीवर माणूस आला की निदान अर्ज घेऊन त्यावर तारीख टाकायची, मग भांडायचं असेल तर भांडा, इतकं साधं होतं ते.

मी हे वरून बोलत नाहीये. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी नक्कल शाखेत होतो, कुठल्या कोर्टात ते राहू दे. शनिवारची संध्याकाळ, एक बाई नवऱ्याच्या जामिनाच्या आदेशाची नक्कल मागत दुपारपासून बाकावर बसलेल्या. नक्कल तयार होती, फक्त शिक्का राहिला होता. त्या दिवशी शेजारच्या टेबलाशी माझं वाजलं होतं, डोकं तापलेलं, मी म्हणालो सोमवारी या. बाई काही बोलल्या नाहीत, पदरानं तोंड पुसलं आणि बाकावरच बसून राहिल्या, जायला उठल्याच नाहीत. आमचे अधीक्षक मागून आले, माझ्या टेबलावरचा शिक्का उचलला, स्वतः मारला, सही केली, नक्कल बाईंच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. सोमवारी मेमो. मी खुलासा दिला एका ओळीचा, "सदर आरोप मला मान्य नाहीत." मला कोणीतरी तसंच सांगितलं होतं, जसं आज तुम्हाला संघटनेतले सांगतायत. मला ठपका बसला. नंतर अधीक्षक म्हणाले की अरे, तू राग आला होता, चुकलं, असं लिहिलं असतंस तर साहेब समज देऊन सोडणार होते, पण डोळ्यांदेखत घडलेलं तू नाकारलंस, मग तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा. शिक्का मारताना बाईंचा चेहरा मला आजही दिसतो, ठपका कधीच पुसला गेलाय.

समज आणि ठपका यातला फरक तुम्हाला माहीत असेल पण सांगतो, कारण तुमची सगळी लढाई या दोनच्या मधे आहे. तुम्हाला लागू आहेत ते महाराष्ट्र नागरी सेवा नियम, वर्तणुकीचे १९७९ चे आणि शिस्त व अपीलचेही १९७९ चेच. वर्तणूक नियमांतला नियम ३ म्हणजे सचोटी, कर्तव्यनिष्ठा आणि सरकारी कर्मचाऱ्याला अशोभनीय असं काही न करणं. पुष्कळांना वाटतं गैरवर्तन म्हणजे पैसे खाणं किंवा फाईल गायब करणं, तसं नाही, ऑफिसात सहकाऱ्याशी हमरीतुमरीवर येणं आणि पक्षकाराला हाकलणं हे सरळ या नियमात बसतं. शिस्त व अपील नियमांच्या नियम ५ मधे शिक्षांची यादी आहे. ठपका ही त्यातली सगळ्यात खालची, पण ती शिक्षा आहे, नोंद होते, प्रमोशनच्या वेळी कोणीतरी ते पान उघडतं. साधी समज किंवा ताकीद त्या यादीत नाही. ठपक्याच्या वर किरकोळ शिक्षांमधे प्रमोशन रोखणं, नुकसानीची वसुली, वेतनवाढ रोखणं. आणि जबर शिक्षा म्हणजे खालच्या टप्प्यावर किंवा खालच्या पदावर आणणं, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी. शेवटच्या दोन सारख्याच वाटतात पण काढून टाकलेल्याला पुन्हा सरकारी नोकरीचं दार बंद होत नाही, बडतर्फ झालेल्याला सहसा होतं.

किरकोळ शिक्षा द्यायची असेल तर नियम १० प्रमाणे लेखी आरोप देऊन तुमचं म्हणणं मागवतात, त्यावर निर्णय होऊ शकतो, पूर्ण चौकशी घ्यायलाच पाहिजे असं नाही. म्हणून खुलासा इतका महत्त्वाचा. बऱ्याचदा तोच तुमचा सगळा बचाव असतो, पुढे साक्षीदार वगैरे येतील तेव्हा बघू असं म्हणाल तर ती वेळ यायचीच नाही. जबर शिक्षा द्यायची तर मात्र नियम ८ ची विभागीय चौकशी लागते, त्याशिवाय काढून टाकता, बडतर्फ करता किंवा पदावनत करता येत नाही, ते संरक्षण राज्यघटनेच्या कलम ३११ चं आहे.

आता संघटनेतल्या भावांचं "सगळं नाकारा". आपण कोर्टातली माणसं, आयुष्यभर आरोपीला संशयाचा फायदा मिळताना बघतो आणि आपल्यावर वेळ आली की आपल्यालाही तोच मिळेल असं धरून चालतो. नाही मिळत. विभागीय चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. तिथं निःसंशय सिद्ध व्हावं लागत नाही, कुठली गोष्ट घडली असण्याची शक्यता जास्त आहे एवढंच बघतात. पुरावा कायदाही तिथं काटेकोर लागत नाही, त्यामुळे तुमच्या ओळखीचे वकील जे म्हणाले की मोबाईलच्या व्हिडिओला सर्टिफिकेट नसेल तर तो उडतो, ते खटल्यात कदाचित चालेल, इथं त्यावर विसंबू नका. व्हिडिओ आहे, आजोबा आहेत, बेलीफ आणि शिपाई आहेत, बाकावरचे चार पक्षकार आहेत. नाकारून तुम्ही फक्त एक गोष्ट सिद्ध कराल, की वरिष्ठ लिपिक लेखी खोटं लिहू शकते. रोज रोजनामा (कोर्टात काय घडलं त्याची नोंद) तुमच्या हातून जातो, तुमच्या लेखी शब्दावर कोर्ट चालतं, हे गठ्ठा आपटण्यापेक्षा कितीतरी वाईट.

त्याच कारणानं त्या मुलाचा निरोप धुडकावून लावा, आणि शिपायाकडून उलट निरोप पाठवू नका. तो घाबरलाय म्हणून असं सुचवतोय, मला त्याचा राग येत नाही. पण दोघांनी ठरवून सारखंच खोटं लिहिलं आणि व्हिडिओ पुढे आला तर दोन वेगळ्या चुकांचा एक कट होतो. आणि आजोबांना गाठून तक्रार मागे घ्यायला लावावी असं पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, त्यांच्या गावचे कोणीतरी तुमच्या ओळखीचे आहेत म्हणून. अजिबात नको ताई. एक तर तक्रार मागे घेतली म्हणून कारवाई थांबत नाही, हा मामला आता तुमच्यात आणि आजोबांमधे नाही, तुमच्यात आणि न्यायालयात आहे, तक्रार ही फक्त खबर. आणि दुसरं म्हणजे तक्रारदारावर दबाव आणला हा नवा आरोप, तो जुन्या दोन्हींपेक्षा जड. आजोबांची माफी मागावीशी वाटत असेल, आणि वाटायला हवी, तर खुलाशात लिहा आणि अधीक्षकांना सांगा की त्यांची परवानगी असेल तर त्यांच्यासमोर मी आजोबांशी बोलायला तयार आहे. घरी जायचं नाही, फोन करायचा नाही, माणूस पाठवायचा नाही.

तुमच्या मिस्टरांचा सल्ला त्यातल्या त्यात बरा आहे, पण "माफी मागून मोकळी हो" यातलं ते मोकळी होणं मला खटकतं. नुसतं "झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, भविष्यात असं होणार नाही, तरी माफी असावी" हे वाक्य मी अधीक्षक असताना इतक्या खुलाशांत वाचलंय की डोळा त्यावरून घसरतो. झाल्या प्रकाराबद्दल म्हणजे कशाबद्दल? काय केलं ते नाव घेऊन लिहा.

मी असं लिहिलं असतं. पहिला परिच्छेद आजोबांचा. "त्या दिवशी दुपारी तक्रारदार नकलेच्या अर्जासाठी खिडकीवर आले असता मी त्यांचा अर्ज स्वीकारला नाही आणि त्यांना उद्या या असं चढ्या आवाजात सांगितलं. अर्ज न स्वीकारल्यामुळे त्यांचा एक दिवस वाया गेला याची मला जाणीव आहे. त्यांनी मला कोणत्याही प्रकारे चिथावलं नव्हतं. यात माझी चूक आहे आणि मी त्यांची व न्यायालयाची माफी मागते." बस. यात "परंतु" नाही, "कामाच्या ताणामुळे" नाही, त्या मुलाचं नाव नाही. आजोबांच्या बाबतीत तुमच्याकडे कुठलंही कारण नाहीये आणि ते शोधायचा प्रयत्न केलात तर वाचणाऱ्याला तो लगेच दिसतो.

दुसरा परिच्छेद भांडणाचा. इथं काय घडलं ते क्रमानं, विशेषणं न लावता. फाईल किती वाजता पुकारली, रजिस्टरच्या कुठल्या पानावर त्या फाईलच्या हालचालीची सही नाही, ऑफिसात येऊन तुम्ही गठ्ठा आपटलात, तो पडून कागद विखुरले, नंतर ते कोणी गोळा केले, पानं मोजून नीट लावली का. हे शेवटचं नक्की लिहा, कारण न्यायालयाचं रेकॉर्ड जमिनीवर पडलं ही गोष्ट साहेबांच्या मनात असणारच, आणि एखादं पान इकडचं तिकडे झालंय की नाही हे तुम्ही आजच जाऊन तपासलं पाहिजे. त्यानं काय म्हटलं ते त्याच्या शब्दांत, तुम्ही काय म्हटलंत ते तुमच्या शब्दांत. "असं काहीतरी" नको. नेमके शब्द.

त्यानं आधी सुरुवात केली हे लिहू का, असं तुम्ही तीनदा विचारलंय. लिहा, खरं असेल तर लिहा, पण त्यातून किती मिळणार ते ओळखून लिहा. कोणी डिवचलं म्हणून गैरवर्तन गैरवर्तन राहत नाही असं होत नाही. शिक्षा ठरवताना ते कमी करायला उपयोगी पडतं, इतकंच. आणि खरं सांगू का, इथं सुरुवात तुम्ही केलीत, गठ्ठा आधी आपटला गेला. त्याचं रजिस्टरचं दुर्लक्ष ही वेगळी चूक, तिच्यासाठी अधीक्षकांकडे लेखी कळवायचं होतं. तुम्ही त्याच्यापेक्षा वरच्या पदावर आहात, वयानं मोठ्या आहात, भांडण बघताना लोक सिनियर माणसाकडे आधी बघतात आणि ते मला अन्यायाचं वाटत नाही.

तिसऱ्या परिच्छेदात तुमच्या बाजूच्या गोष्टी. १९ वर्षं, स्वच्छ गोपनीय अहवाल, दोन टेबलांचा कार्यभार असेल तर त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख. नुसतं "कामाचा प्रचंड ताण" लिहू नका, तो सगळ्यांनाच आहे, जागा रिकाम्या आहेत आणि एकेका माणसाच्या गळ्यात दोन दोन टेबलं आहेत हे मी स्वतः भोगलंय, पण आदेशाच्या कागदाशिवाय ते रडगाणं वाटतं. मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं हे इथं आणू नका. मला माहितीय तुम्हाला ते सगळ्यात जास्त लागलंय, पत्रात त्याची शाई पण जास्त दाबलीय. चारचौघांत बोलणं खाल्लं की माणूस आतून सोलून निघतो आणि मग तो राग आपण आपल्यापेक्षा खालच्यावर काढतो, तुम्ही त्या मुलावर काढलात आणि उरलेला आजोबांवर. पण खुलाशात ते लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार बाई साहेबांना दोष देतायत. त्यापेक्षा वेगळ्या कागदावर अधीक्षकांना सुचवा की सहीशिवाय फाईल टेबलावरून हलणार नाही असा कार्यालयीन आदेश काढा. तुमचं मूळ दुखणं त्यानं जाईल.

ते बाईमाणसाचं वाक्य. त्याची वेगळी तक्रार करू का असं विचारलंय. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते. त्याच्या बोलण्यात लैंगिक स्वरूपाचं काही असेल, किंवा हा त्याचा नेहमीचा प्रकार असेल आणि ऑफिसातल्या इतर मुलींनाही तो त्रास असेल, तर जरूर जा, मेमोशी त्याचा काही संबंध ठेवू नका, कोणी म्हणालं की मेमोला उत्तर म्हणून करतायत तरी घाबरू नका. पण ते भांडणाच्या भरात निघालेलं एकच उद्धट वाक्य असेल आणि तुम्हाला फक्त पारडं समान करायचं असेल तर थांबा. तुमचं तुम्हाला ठाऊक आहे यातलं कुठलं खरं.

समजा खुलाशानं समाधान झालं नाही आणि नियम ८ चं दोषारोपपत्र आलंच, तर हातपाय गाळू नका. त्याबरोबर जोडपत्रं येतात, दोषारोप, त्यांचं विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. यादीतला प्रत्येक कागद बघायला मागा, व्हिडिओसुद्धा. बचाव सहायक म्हणून अनुभवी सहकारी घ्या, आवाज मोठा असलेला नको, कागद वाचणारा घ्या. प्राथमिक चौकशीत कोणी काही जबाब दिला असेल तर ती व्यक्ती चौकशीत समोर आली पाहिजे आणि तुम्हाला उलटतपास मिळाला पाहिजे. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल शिक्षेच्या आधी तुम्हाला मिळायलाच हवा आणि त्यावर तुमचं म्हणणं ऐकायला हवं, हे सुप्रीम कोर्टानं १९९३ मधे करुणाकर यांच्या प्रकरणात पक्कं करून ठेवलंय. दोघांची एकत्र चौकशीही काढता येते, तसं झालं तर त्याचे कागद तुम्हाला आणि तुमचे त्याला दिसणार हे आत्ताच लक्षात ठेवा. निलंबनाची भीती पत्रात आहे, अशा प्रसंगात ती मला फारशी वाटत नाही, पण झालंच तर निर्वाह भत्ता मिळतो, आणि तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये असं २०१५ मधे अजय कुमार चौधरी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय. प्रधान जिल्हा न्यायाधीशांनी शिक्षा दिली तर हायकोर्टाकडे अपील आहे, आदेश हातात पडल्यापासून ४५ दिवस. तिथं शिक्षा चुकीच्या मानानं जड आहे हा मुद्दा मांडता येतो, आणि तो मांडायला तुमचा आत्ताचा खरा खुलासाच सगळ्यात जास्त कामाला येईल. खोटा खुलासा असेल तर तोच आडवा येईल.

खुलासा सातव्या दिवसाची वाट न बघता पाचव्या दिवशी द्या. रात्री लिहा, सकाळी पुन्हा वाचा, त्यात "त्याने" हा शब्द "मी" पेक्षा जास्त वेळा आलाय का मोजा. आवक शाखेत देऊन तारखेची पोच घ्या, एक प्रत घरी ठेवा.

शेवटी ते कंसातलं. पत्रात तुम्ही "बापाच्या जागेवर" हे कंसात टाकलंत, जणू ते मोजण्यासारखं नाही. दोन ओळी पुढे असंही लिहिलंय की त्याचे वडील तुमच्याच ऑफिसात बेलीफ होते, तुम्ही नवीन लागलात तेव्हा समन्सचे रिपोर्ट कसे लिहायचे ते त्यांनी तुम्हाला शिकवलं, आणि ते ड्युटीवर असतानाच गेले. त्या मुलाला ही जागा आयती नाही मिळाली, बाप देऊन मिळालीय. त्यानं तुम्हाला जे सुनावलं ते वाईटच होतं, त्याचा मेमो त्याला आलाय, तो त्याचं बघेल. पण तुमचं वाक्य त्याच्या वडिलांना जाऊन लागलं. खुलाशात ते नेमके शब्द लिहिताना तुमचा हात थांबेल, थांबू दे, पण लिहा. आणि खुलासा दिल्यावर, आधी नाही, नाहीतर तडजोड करताय असं वाटेल, तो रेकॉर्ड रूममधे एकटा असेल तेव्हा जाऊन त्याला सांगा की मी तुझ्या वडिलांबरोबर काम केलंय, ते वाक्य मी बोलायला नको होतं. तो उलट काही बोलला तर ऐकून घ्या आणि आपल्या टेबलावर परत या.